थर्मोक्लाइनला मराठीत काय म्हणावे? (‘तापढाळ’ सोडून)

पागेरवाला (डिचोली)
मित्राच्या गळ-दोऱ्यांच्या दुकानासाठी चार पानी पत्रक मराठीत करतोय. मूळ मजकूर इंग्रजी, लिहिणारा कुठल्यातरी थंड देशातला. सगळं सुरळीत चाललं होतं, थर्मोक्लाइनपाशी अडलो. उन्हाळ्यात खोल तळ्याचं पाणी एकसारखं राहत नाही. वर ऊन खाल्लेलं हलकं पाणी, तळाला गार जड पाणी, आणि दोघांच्या मध्ये एक पट्टा, जिथे थोडं खाली गेलं की तापमान धाडकन उतरतं. तो हा पट्टा. मी ‘तापढाळ’ लिहिलं. ताप म्हणजे उष्णता, ढाळ म्हणजे उतार. बायकोने वाचून विचारलं, “माशांना ताप पण आणि ढाळ पण? पत्रक दुकानाचं की दवाखान्याचं?” शब्द सुचवा. शुक्रवारी छापायला जायचंय.

निवृत्त मास्तर (फोंडा)
‘उष्णतानती’ घ्या. नती म्हणजे कल. ग्रीक ‘क्लिनेइन’ म्हणजे कलणे, आपला ‘कल’ त्याचाच भाऊ, ऐकताच कळतं. मूळ शब्द १८९७चा, अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मेंडोटा तलावावर काम करणाऱ्या बर्ज यांनी घडवलेला. मीटरभर खाली गेल्यावर निदान एक अंश उतरला तरच तो पट्टा धरायचा, ही मोजपट्टीही त्यांचीच. परिभाषा अशी नेमकी लागते. घरगुती शब्दांवर शास्त्र चालत नाही.

तिखट कोकम (मडगाव)
मास्तर, ‘क्लिनेइन’चा संस्कृतातला भाऊ ‘श्रि’, ज्यातून ‘आश्रय’ आला. ‘कल’ तोंडावळ्याने तसा दिसतो, पण त्या घरातला नाही. आणि उष्णतानती म्हटलं की मला कुणाची तरी चुलत नणंद वाटते. जर्मन लोक याला ‘श्प्रुंगशिश्ट’ म्हणतात, म्हणजे उडीचा थर. तापमान उडी मारतं म्हणून उडी. त्यांना ग्रीकाच्या दारात जावं लागलं नाही. ‘उडीथर’ म्हणा आणि मोकळे व्हा.

सत्तरीचा जावई (वाळपई)
माझे सासरे ‘सांधा’ म्हणायचे. एकदा एप्रिलात भर दुपारी त्यांच्याबरोबर गळ टाकायला गेलो होतो. “सांध्याच्या वर ठेव, खाली सोडू नको,” म्हणाले. मला वाटलं, मोठा मासा तळालाच असणार. ओहोळातली बारकी जिवंत कोलंबी लावली आणि शिसं टेकेपर्यंत दोरी सोडली. अर्धा तास काही नाही. ओढून घेतलं तर कोलंबी मेलेली, मिशासुद्धा हलत नव्हती. सासऱ्यांनी काही न बोलता ते शिसं माझ्या गालाला लावलं. फ्रिजातून काढल्यासारखं! वर पाणी कोमट, होडीची फळी तर हात लावू देत नव्हती. “आता कळला सांधा कुठे आहे तो?” एवढंच म्हणाले.
शब्द तयार आहे, घडवायचा कशाला?

खाजनकार (चोडण)
जावईबापू, गोष्ट झकास, शब्द चुकीच्या जागी. सांधा खाऱ्या-गोड्या पाण्याचा असतो. पावसात मांडवीत वरून गढूळ गोडं पाणी वाहतं आणि त्याच्या पोटाखाली समुद्राचं खारं पाणी शिरलेलं असतं. वरच्या पाण्यात बोट बुडवून चाखलं तर गोडं, आणि गळ खाऱ्यात. आम्ही मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, जन्म काढला, आमच्याकडे तोच सांधा. तुमचा ऊन-गार प्रकार वेगळा, त्याला वेगळा शब्द हवा.

सत्तरीचा जावई
आमच्या सासऱ्यांनी मानस जन्मात पाहिली नसेल. म्हणून त्यांचा शब्द खोटा? दाराला सांधा, हाडाला सांधा, पत्र्याला सांधा. दोन गोष्टी जिथे भेटतात तिथे सांधा. चोडणचा मक्ता कधीपासून?

तिखट कोकम
ताप, ढाळ, आता सांधे. पागेरवाल्यांच्या मंडळींचं बरोबर होतं.

अर्धवट विज्ञान (पणजी)
शब्द कुठलाही घ्या, पण थंड देशातला सल्ला जसाच्या तसा उतरवू नका, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येईल आणि दुकानदाराला धरेल. तिकडचा ट्राउट थंड पाण्यातला. उन्हाळ्यात तो खालच्या गारव्याकडे जातो, अर्थात तिथे प्राणवायू शिल्लक असेल तर. आपल्याकडे खाली बहुधा तोच नसतो. तळाला पाला कुजतो, तो प्राणवायू खातो, आणि वरचं हवा प्यायलेलं पाणी खाली उतरत नाही. जावईबापूंची कोलंबी बहुतेक त्यानेच गेली.
आता गंमत बघा. पाणी सगळ्यात जड ४ अंशांना. तिथून ५ वर गेलं तर वजनात नावाला फरक. पण २९ वरून ३० वर गेलं की तोच फरक तिसाहून जास्त पट. म्हणजे आपल्या उन्हात वरखाली दोन-तीन अंशांचा फरक असला तरी पाणी एकमेकांत मिसळायला तयार नसतं. मात्र त्यासाठी खोली आणि आडोसा लागतो. करमळीच्या तळ्यात असला पट्टा शोधत बसू नका, उथळ आहे, वारा आला की ढवळून निघतं. डिचोली-सांग्याकडचे जुने खाणीचे खड्डे खोल, चहूबाजूंनी उभे कडे, तिथे वारा पोचतच नाही. (म्हणून तिथे पोहायला उतरू नये. छाती कोमट पाण्यात आणि पाय एकदम बर्फात, दम लागतो.) मग पहिला मोठा पाऊस पडतो, गार पाणी वरून खाली बसतं, सगळं उलटतं, सडक्या अंड्यांचा वास सुटतो आणि मासे तोंड वर काढून हापापतात.
मरळीला यातलं काही लागू नाही. ती वर येऊन हवा गिळते आणि पुन्हा जाते.

निवृत्त मास्तर
माहिती उत्तम. ‘प्राणवायू’ लिहिलंत याचा विशेष आनंद. जावईबापूंना एकच विनंती, ‘फ्रिज’ऐवजी ‘शीतकपाट’ म्हणता आलं असतं.

सत्तरीचा जावई
मास्तर, सासऱ्यांनी ते शिसं शीतकपाटातल्यासारखं माझ्या गालाला लावलं असतं तर मी त्यांनाच पाण्यात ढकललं असतं.

तिखट कोकम
मुद्दा तोच. फ्रिज चालतो, मोटार चालते, आमच्या घरी पाण्याची टाकी चालते जी पोर्तुगीज ‘तांक’वरून आली, मग थर्मोक्लाइननेच काय पाप केलं?

खाजनकार
टाकी पोर्तुगीज? उलटं आहे हो! आपलं ‘टाके’, गुजरातीतलं ‘टांकुं’. पोर्तुगीज इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून सह्याद्रीत डोंगर कोरून टाकी खोदलेली आहेत. इंग्रजांनी टँक उचलला तो इथूनच.

तिखट कोकम
मग पोर्तुगीज ‘एस्तांकार’, पाणी अडवणे, त्याचं काय? तांक त्यातून निघाला असंही मानतात. दोन्हीकडून येऊन शब्द मध्ये भेटला असेल.

खाजनकार
म्हणजे सांधा.

निवृत्त मास्तर
टाके ‘टंक’वरून, टंक म्हणजे छिन्नी. टाकीचे घाव आठवा. यावर वेगळं सविस्तर लिहितो.

पागेरवाला
मंडळी, गुरुवारची रात्र आहे. टाकी नंतर भरा. मी शब्दच गाळला. असं लिहिलंय: “दोरी मोकळी सोडा, पाच मिनिटांनी ओढा, शिसं गालाला लावा. गार लागलं तर थोडी आखडून पुन्हा सोडा. जिथून गार लागायला सुरुवात होते, त्याच्या दोन हात वर गळ ठेवा.” सत्तरीकरांचे आभार. बायकोने पास केलंय.

निवृत्त मास्तर
‘दोन हात’ मोघम आहे. मीटर लिहा.

खाजनकार
मीटर होडीत कोण मोजतो? पाण्यात दोरी वावेने मोजतात. दोन्ही हात पसरले की एक वाव. अर्धी वाव लिहा.

तिखट कोकम
‘वाव’ हा तोच का, ‘सुधारणेला वाव आहे’ मधला?