मदत हवी आहे: दुसऱ्याचा मॉड घरच्यापुरता बदललाय, तो मावशीला देऊ का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेमच्या मॉडबद्दल आहे, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवून गेममध्ये घातलेल्या भरीबद्दल. इथे मॉड बनवणारेही आहेत, म्हणून विचारते.

माझी आई हा गेम मनापासून खेळते. शेती, कोंबड्या, गावकऱ्यांना भेटवस्तू, सगळं तिला जमतं. अडतं ते इंग्रजी संवादांपाशी. आम्ही नेक्सस या मॉडच्या संकेतस्थळावरून गावात एक नवी आजी आणणारा मॉड घेतला आहे. या आजी बोलतात भरपूर, आणि दर वेळी आई मला वाचून दाखवायला बोलावते. मॉडचं फोल्डर उघडलं तर सगळे संवाद एका जेसन फाइलमध्ये साध्या मजकुरात होते. गेमच्या इंग्रजी फाँटात देवनागरी नाही, म्हणून आपण व्हॉट्सॲपवर लिहितो तसं रोमन लिपीत मराठी टाकलं. डॉलरचं चिन्ह आणि त्यापुढचं अक्षर तेवढं जसंच्या तसं ठेवलं, कारण त्यावर आजींचा चेहरा हसरा की रडका ते ठरतं. ॲटच्या खुणेच्या जागी खेळाडूचं नाव येतं, तीही तशीच. आता आजी विचारतात, "काय गं, भिजलीस ना पावसात?" आणि आई खरोखर उत्तर देते.

मग चेहऱ्याच्या चित्रालाही हात लावला. एकेक चेहरा ६४ बाय ६४ पिक्सेलचा असतो. कपाळावर चार पिक्सेलचं कुंकू लावलं, शालीचा रंग बदलून हिरवा केला.

मॉडच्या पानावर परवानग्यांमध्ये स्पष्ट लिहिलंय: विचारल्याशिवाय फाइली बदलू नयेत, दुसरीकडे चढवू नयेत. आपल्याच संगणकावर एखादीने काय केलं याला त्या लेखकाची हरकत असेल असं मला वाटत नाही. पण आता मावशीला हे कळलंय, आणि मावसभाऊ म्हणतो, "झिप पाठव ना, ताई." हे घरातलंच देणंघेणं धरायचं की वाटप? आणि आधी कळवायचं तर काय लिहायचं? त्या माणसाने हे फुकट दिलंय, गेल्या अपडेटनंतर रात्री बसून दुरुस्त केलंय. त्याला वाईट वाटेल असं काही मला करायचं नाही.

प्रतिसाद

तुमच्या लॅपटॉपवर जे आहे त्याबद्दल निश्चिंत राहा. "बदलू नयेत" ही अट बहुतेक लेखक पुढे प्रकाशित होणाऱ्या फाइलींसाठी घालतात. घरी कोण काय करतं हे ते बघतही नाहीत. झिप मात्र पाठवू नका. मावशी घरच्या असल्या तरी त्यांच्याकडून ती फाइल कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही, आणि तिच्यावर नाव मूळ लेखकाचंच असतं.

खरी अडचण पुढे येते. मावशींचा गेम बंद पडला की मावसभाऊ मूळ पानावर तक्रार टाकणार, सोबत स्मॅपीचा (मॉड गेममध्ये चढवणारा प्रोग्राम) लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, जोडणार. लॉगमध्ये मॉडचं नाव आणि आवृत्ती दिसते. आतली जेसन कोणी बदलली आहे हे दिसत नाही. तुमचा एक स्वल्पविराम सुटलेला असेल आणि लेखक बिचारा स्वतःच्या फाइलीत चूक शोधत बसेल. मी स्वतः मॉड करतो, मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. मार्च २०२४ मध्ये गेमचं १.६ अपडेट आलं तेव्हा तर इतके मॉड मोडले होते की खरी तक्रार कोणती हेच कळेना. म्हणून नियम एकच पाळा: तक्रार करण्याआधी मूळ मॉड नव्याने टाकायचा आणि तीच अडचण पुन्हा येते का ते पाहायचं.

यावर मार्ग आहे. मूळ फाइलींना हात न लावता कंटेंट पॅचरचा (गेममधला मजकूर आणि चित्रं वरून बदलू देणारा मॉड) छोटा वेगळा पॅक करा. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे पॅकची माहिती देणाऱ्या फाइलीत, त्याला स्वतःची ओळख द्या आणि तो मूळ मॉडवर अवलंबून आहे अशी नोंद करा, म्हणजे तुमचा पॅक नंतर चढतो. बदल करायच्या आज्ञा दोन: संवादांसाठी एडिटडेटा, चित्रासाठी एडिटइमेज. मावशी मूळ मॉड पानावरूनच उतरवतील, त्यामुळे लेखकाची डाउनलोड संख्याही वाढेल. शिवाय मूळ मॉड अपडेट केला तरी तुमची मेहनत पुसली जाणार नाही; सध्या ती नक्की जाईल.

संवाद भाषांतर असले तरी मजकूर त्यांचा आहे, तेव्हा विचाराच. बरेच लेखक भाषांतराला आनंदाने हो म्हणतात. चित्राचं जरा वेगळं. शाल तुम्ही रंगवली, पण खालचे पिक्सेल त्यांचे आहेत. ते होकार मिळेपर्यंत घरीच ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. लॉगचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लेखकाला आज लिहिलं: काय बदललं, कोणासाठी, संवादांचा पॅक मावशीला दिला तर चालेल का, चित्राबद्दल तुमचं काय मत. आईने आजींना उत्तर दिलं तो किस्साही घातला. मावसभावाला सध्या मूळ मॉडची लिंक दिली आहे.

एकच राहिलं: संवादांची फाइल तशीच ठेवून एडिटडेटामध्ये लक्ष्य म्हणून नेमकं काय द्यायचं, त्या पात्राच्या संवादांची फाइल की मूळ मॉडची भाषांतराची?

प्रतिसाद

पात्राच्या संवादांची. कॅरॅक्टर्स, मग डायलॉग, मग पात्राचं आतलं नाव. भाषांतराची फाइल मॉडची खाजगी असते, बाहेरून तिथे पोचता येत नाही. अडलात तर कंटेंट जेसन (पॅकमधली बदलांची फाइल) इथे टाका, बघतो.