मदत हवी आहे: मराठी ब्रेल येणाऱ्या मुलीला इंग्रजी वाचायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावीला इंग्रजी शिकवतो. यंदा वर्गात एक मुलगी आलीय, तिला जन्मापासून दिसत नाही. आधी निवासी अंधशाळेत होती, तिथं मराठी ब्रेल पक्कं झालंय. लेकरू फार हुशार आहे. इंग्रजी कविता दोनदा ऐकली की पाठ, बोलायलाही कचरत नाही. गाडी अडलीय ती वाचण्यावर.

ब्रेल मलाही येत नव्हतं. अधूनमधून शाळेवर येणाऱ्या विशेष शिक्षिका मॅडमनी शिकवलं, अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा कापून त्यात गोट्या मांडून. ब्रेलचं अक्षर सहा ठिपक्यांच्या एका घरात बसतं, त्यातले कोणते ठिपके उठावाचे यावरून अक्षर ठरतं.

मागच्या आठवड्यात तिला सी-ए-टी, कॅट, टोचून दिलं. बोट पहिल्या अक्षरावर थांबलं, पुढं सरकलं, परत मागं आलं. म्हणाली, "सर, इथं चअत लिहिलंय. चअत म्हणजे काय?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. ठिपके तेच सहा, आणि इंग्रजी 'सी'ची खूण मराठीत 'च'ची आहे, 'टी'ची 'त'ची. पी-ई-एन मात्र तिनं झटक्यात 'पेन' वाचलं, कारण तिथं दोन्हीकडचे उच्चार जुळतात.

आता खरी अडचण. इंग्रजी ब्रेल दोन प्रकारचं. ग्रेड वनमध्ये प्रत्येक अक्षर सुटं, ग्रेड टूमध्ये जोडअक्षरांना आणि नेहमीच्या शब्दांना मिळून १८० च्या आसपास संक्षेप. ग्रेड वनमध्ये 'शिप' दिलं तर ती 'सहिप' वाचते. ग्रेड टूमध्ये एस-एचची एकच खूण, तीच मराठी 'श'ची, म्हणून तिथं ती बरोबर 'शिप' वाचते. पण ग्रेड टूमध्ये 'पेन' बिघडतं, कारण ई-एनला वेगळी खूण आहे. आणि टी-एच-ई, 'द', या इंग्रजी शब्दाची एका घराची खूण तिला 'ध' लागते. वाक्यागणिक 'ध' येतो बिचारीला.

मला वाटतं आधी ग्रेड वन द्यावं, नाहीतर स्पेलिंग कधीच कळणार नाही. फोनवर सगळं ऐकून तिला शब्द येतात, पण त्यात अक्षरं कोणती हे माहीत नाही. मात्र इंग्रजीची जी दोन पुस्तकं हाती आली ती ग्रेड टूची आहेत. ग्रेड वनची सवय लागल्यावर परत सगळं मोडून शिकवायचं का?

एक उपाय केलाय. इंग्रजी पानाच्या वरच्या कोपऱ्यात सुतळीचा तुकडा चिकटवतो. बोट लागलं की ती स्वतःच म्हणते, "आता इंग्रजी." चअत थोडं कमी झालंय.

इथं कुणी स्वतः ब्रेल वाचणारे असतील, किंवा घरात कुणी असेल, तर कृपया सांगा: तुम्हाला आधी कोणतं शिकवलं आणि दोन भाषा बोटात वेगळ्या कधी झाल्या? सोमवारी मॅडम येणार आहेत. त्याआधी कळलं तर त्यांच्याशी बोलून नवी पानं टोचायला घेतो.