मदत हवी आहे : बाबांना इथे आपली माणसं कशी मिळवून द्यावी?

मंडळी, आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे ठाण्यात राहायला आलेत. वय ७६, तब्येत ठणठणीत. पण आम्ही दोघं ऑफिसला गेलो की दिवसभर घरात एकटे. गावाकडे पारावर तासन्‌तास गप्पा मारणारा माणूस इथे लिफ्टमध्येही कुणाशी बोलत नाही.

खालच्या बागेतले सातभाई मात्र ते गॅलरीतून न चुकता बघतात. हे पक्षी कायम घोळक्यानं राहतात. एखादा उंच फांदीवर पहाऱ्याला, बाकीचे खाली पाचोळा उलथत किडे शोधतात. पिल्लांना भरवायला आईबापांबरोबर थव्यातले इतरही हातभार लावतात. पोट भरलं की एकाच फांदीवर अंगाला अंग लावून एकमेकांची पिसं साफ करत बसतात. परवा बाबा एवढंच म्हणाले, "ह्यांच्यात कुणी एकटं पडत नाही बघ." तेव्हापासून मला चैन नाही.

ज्येष्ठ नागरिक संघाचं सुचवून पाहिलं. "ओळख ना पाळख, कशाला जाऊ?" म्हणतात. हास्यक्लबलाही नकार. मला वाटतं, त्यांना करमणूक नकोय, कुणाच्या तरी उपयोगी पडायचंय. कलमं बांधण्यात गावात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

तुमच्यापैकी कुणी घरच्या वडीलधाऱ्यांना नव्या शहरात रुळवलंय का? पहिले काही दिवस आपण सोबत जावं का? सोसायटीच्या बागेचं काम त्यांच्याकडे सोपवायचं तर कमिटीकडे विषय कसा काढावा? ठाणे पश्चिमेला ज्येष्ठांचा एखादा कट्टा माहीत असेल तर तोही कळवा.