क्ष-किरणांत बदल दहापट, मग ताऱ्यांची चक्रे इतकी थोडीच का सापडली?

रोहिणी_शकट
सूर्याच्या चुंबकीय क्रियाशीलतेच्या अकरा वर्षांच्या चक्रात वर्णपटातल्या कॅल्शियमच्या एच आणि के रेषांमधील उत्सर्जन जेमतेम पाचव्या हिश्श्याने वाढते, तर मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांतील तेज किमान ते कमाल या टप्प्यात सुमारे दहापट होते. तरीही ऑलिन विल्सन यांनी १९६६ मध्ये माउंट विल्सन येथे सुरू केलेल्या कॅल्शियम-नोंदींतून डझनावारी ताऱ्यांची चक्रे उघड झाली आणि क्ष-किरणांतील चक्रे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. जिथे बदल मोठा, तिथेच यश तोकडे, हे कसे?

अभिजित_ख
बदल मोठा असला, तरी तो टिपण्याची संधी फार थोडी मिळते. क्ष-किरण वातावरणात शोषले जात असल्यामुळे अवकाशातली दुर्बीण लागते, आणि एकाच ताऱ्यासाठी तिचा वेळ दहा-पंधरा वर्षे सतत मिळवणे किती कठीण आहे, हे वेळवाटपाच्या समितीपुढे अर्ज केलेल्यांनाच ठाऊक. जमिनीवरची मध्यम आकाराची दुर्बीण मात्र वर्षानुवर्षे त्याच ताऱ्यांकडे वळवता येते.

हंस तारकासमूहातील ६१ सिग्नी या जोडताऱ्यातला ए हा घटक चिकाटीचे उत्तम उदाहरण. रोसॅट या क्ष-किरण दुर्बिणीने १९९० च्या दशकात आणि त्यानंतर २००२ पासून एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणीने साधारण दर सहा महिन्यांनी केलेल्या नोंदी जोडल्यावर त्याच्या किरीटाचे, म्हणजे करोना या बाहेरच्या अतितप्त वातावरणाचे, तेज कॅल्शियममधील ७.३ वर्षांच्या चक्राबरोबरच चढते-उतरते, हे स्पष्ट झाले. वर्षाला दोनच मोजमापे असल्यामुळे त्यांतले एखादे ज्वालेच्या, म्हणजे ताऱ्यावरच्या अचानक उद्रेकाच्या, वेळी झाले, तर आलेख फसवा होतो. म्हणून प्रत्येक निरीक्षणाचा मिनिटागणिक तेजोवक्र आधी तपासावा लागतो.

दक्षिण_क्षितिज
ऊर्जापट्टा कोणता, हेही विचारावे लागते. नरतुरंगातील मित्र (अल्फा सेंटॉरी) ताऱ्याच्या जोडीतला ए हा घटक २००३ ते २००५ या काळात एक्सएमएमच्या प्रतिमांत दहापटीहून अधिक मंदावला आणि जवळजवळ दिसेनासा झाला. पुढे चंद्रा दुर्बिणीच्या अधिक मृदू किरणांनाही दाद देणाऱ्या उपकरणांवरून लक्षात आले की किरीट विझला नव्हता, तर मुख्यतः थंडावला होता, आणि थंड वायूचे बरेचसे उत्सर्जन एक्सएमएमच्या पट्ट्याखाली सरकले होते. त्यामुळे ‘दहापट’ हा आकडा पट्ट्याचा उल्लेख नसेल, तर मला अर्धवट वाटतो. दोन वेगळ्या दुर्बिणींची मोजमापे एकाच आलेखावर मांडतानाही हीच अडचण येते.

रोहिणी_शकट
आभारी आहे. मग तरुण तारे निवडावेत का? ते क्ष-किरणांत अधिक तेजस्वी असतात, म्हणजे मोजमापही सोपे होईल.

अभिजित_ख
मोजमाप सोपे होते, पण चक्र पुसट होते. यमुना तारकासमूहातील एप्सिलॉन एरिडानी शंभर कोटी वर्षांहूनही कमी वयाचा, सूर्याच्या तुलनेत अगदी पोरसवदा तारा. त्याचे सुमारे तीन वर्षांचे चक्र क्ष-किरणांत सापडले, परंतु त्यातील चढ-उतार सूर्यापेक्षा कितीतरी लहान आहे. त्याचे पृष्ठ किमान काळातही बहुतांशी चुंबकीय क्रियाशील प्रदेशांनी व्यापलेले असते, म्हणून कमाल काळात नव्याने भर पडायला जागाच उरत नाही. आयोटा होरोलॉजी या तरुण ताऱ्याचे चक्र तर अवघ्या १.६ वर्षांचे आहे. लहान चक्रे थोडक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहता येतात, हा तरुण ताऱ्यांचा खरा फायदा.

दक्षिण_क्षितिज
एक्सएमएम आणि चंद्रा या दोन्ही दुर्बिणींच्या जुन्या निरीक्षणांचे संग्रह सर्वांसाठी खुले आहेत. सुरुवात ६१ सिग्नीपासून करावी, कारण तिथे ए आणि बी हे घटक प्रतिमेत वेगळे दिसतात आणि दोघांचे आलेख शेजारी-शेजारी मांडता येतात. बीचे चक्र बरेच अनियमित आहे, त्यामुळे त्याच्या बिंदूंमधून सुबक वक्र काढण्याचा मोह आवरावा लागेल.