फिल्टर कॉफी आणि एस्प्रेसो या दोन्हींसाठी घरी एकच ग्राइंडर पुरेल का?

प्रतापनगरकर

नमस्कार. मी नागपुरात राहतो. सकाळी आईसाठी पितळी फिल्टरमधली चिकोरीची कॉफी आणि माझ्यासाठी कागदी गाळणीवरची कोरी कॉफी, असा आमच्या घरचा जुना क्रम आहे. गेल्या महिन्यात बदली होऊन जाणाऱ्या एका मित्राने त्याचे एस्प्रेसोचे यंत्र मला स्वस्तात दिले आणि तेव्हापासून संध्याकाळी तिसरा प्रयोग सुरू झाला आहे. पूर्वी मी सीताबर्डीतून तयार पूड आणत असे. आता चिकमगळूरच्या भाजलेल्या बिया मागवतो आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळतो. गाळणीवरची कॉफी त्यावर निभून जाते, एस्प्रेसो मात्र जमत नाही. मोजून 18 ग्रॅम पूड भरली तरी कधी दहा सेकंदांत फिकट पाणी कपात येऊन पडते, तर कधी यंत्र नुसते घुरघुरते आणि थेंबही खाली येत नाही.

ग्राइंडर घ्यावा लागणार, हे आता कळून चुकले आहे. साधारण पंधरा हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे, मात्र एवढ्या पैशांत पीठगिरणी येते, असा शेरा घरातून आलेला आहे. हाताने फिरवण्याचा घ्यावा की विजेवरचा, आणि तिन्ही प्रकारांना एकच चालेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे. भाचा डिसेंबरात अमेरिकेहून येणार आहे. त्याच्याकडून मागवण्यात काही अडचण आहे का?

दळणवळण

प्रतापनगरकर, यात तुमच्या हाताचा दोष नाही आणि बहुधा यंत्राचाही नाही. मिक्सरचे पाते बी दळत नाही, ते बी फोडते. तुमच्या भांड्यातली पूड एकदा चहाच्या बारीक गाळणीतून हलवून पाहा: वर दाण्याएवढी भरड राहील आणि खाली मैद्यासारखे पीठ पडेल. कागदी गाळणीत हे खपते, कारण तिथे पाणी स्वतःच्या वजनाने सावकाश उतरते. एस्प्रेसोत सुमारे 9 बार दाबाने, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट जोराने, पाणी पुडीच्या चकतीतून ढकलले जाते आणि त्या पाण्याला जिथे वाट सापडेल तिथून ते घुसते. भरड एका बाजूला आली की तिथे भगदाड पडते आणि तुमचे फिकट पाणी येते; पीठ तळाशी बसले की जाळी बुजते. 18 ग्रॅम पुडीतून 25 ते 30 सेकंदांत साधारण 36 ग्रॅम कॉफी यावी, हे सुरुवातीचे माप बहुतेक जण धरतात. पण दाणा एकसारखा नसेल, तर त्या मापाला काहीच अर्थ उरत नाही.

ग्राइंडरचे काम जात्यासारखे असते. दोन दातेरी पोलादी चकत्या किंवा एक शंकू आणि त्याभोवतीचे कडे, त्यांच्यामधली फट ठरवून ठेवलेली, आणि त्या फटीतून जाईल एवढाच दाणा खाली पडतो. गिरणीत 'जरा रवाळ दळा' म्हटल्यावर गिरणीवाला मूठ फिरवतो, तेच इथे आपण करतो. आता तुमच्या प्रश्नाचा गाभा या फटीत आहे. फिल्टर कॉफीसाठी फट थोडी इकडेतिकडे झाली तरी चव फार बिघडत नाही, एस्प्रेसोत मात्र केसभर फरकाने पाच-सात सेकंद कमीजास्त होतात. म्हणून हातग्राइंडर घेताना एका 'क्लिक'ला, म्हणजे फट बदलण्याच्या एका टप्प्याला, आतला शंकू किती सरकतो, ते आधी विचारावे. कोमांडान्टे सी-40 या हातग्राइंडरमध्ये तो सुमारे 30 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) सरकतो, किंगग्राइंडर के-6 मध्ये 16 आणि वनझेडप्रेसो जे-अल्ट्रामध्ये 8. पहिला फिल्टर कॉफीसाठी उत्कृष्ट समजला जातो, पण एस्प्रेसोत त्याच्या दोन क्लिकांच्या मधली जागा हवी असते आणि ती मिळत नाही.

तुमच्या रकमेत मी हातग्राइंडरच घेईन. त्या किमतीच्या विजेच्या ग्राइंडरमध्ये बराचसा पैसा मोटर आणि डब्यात जातो, तर हातग्राइंडरमध्ये तो दात्यांत आणि बेअरिंगमध्ये जातो. एकच पुरेल का, तर तांत्रिकदृष्ट्या पुरेल. पण रोज सकाळी फट मोकळी करायची, संध्याकाळी आवळायची, आणि प्रत्येक वेळी आदल्या दिवशीचा आकडा आठवायचा, हा उद्योग तुम्ही किती महिने कराल, याचा प्रामाणिक अंदाज घ्या. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडे लिहून ठेवत असे आणि तरीही महिन्यातून दोन-चार कप मोरीत जात असत.

आणखी एक. चिकोरी ग्राइंडरमध्ये घालू नका. ती तयार पूड म्हणूनच आणा आणि दळलेल्या कॉफीत नंतर मिसळा.

सदरकर

दळणवळण यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. हातग्राइंडर दोन माणसांच्या घरात शोभतो. बहुतेकांत एका वेळी 20 ते 35 ग्रॅम बिया मावतात आणि कमी भाजलेल्या, टणक बिया एस्प्रेसोसाठी दळायच्या म्हटल्या की एका कपाला मिनिटभर तरी खांदा लावावा लागतो. आमच्याकडे रविवारी सहा जण जमतात. तेव्हा तिसऱ्या कपानंतर ग्राइंडर फिरवायला नेहमी पाहुण्यांतलाच कोणीतरी सापडतो, हे खरे असले तरी ती व्यवस्था म्हणता येणार नाही. मध्यंतरी चिखलदऱ्याच्या बिया मिळाल्या होत्या, त्याही फारच कमी भाजलेल्या, आणि त्या दिवशी मी हातग्राइंडर कपाटात ठेवला तो ठेवलाच. आता बाराट्झा एन्कोर ईएसपी हा विजेचा ग्राइंडर वापरतो. त्यात 1 ते 20 आकडे एस्प्रेसोसाठी बारीक टप्प्यांचे आहेत आणि 21 ते 40 इतर प्रकारांसाठी मोठ्या टप्प्यांचे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळची अदलाबदल त्या मानाने सुसह्य होते. मात्र तो तुमच्या रकमेत बसणार नाही.

भाच्याविषयी सांगायचे तर हातग्राइंडर खुशाल मागवा. विजेचा मागवू नका. तिकडचे यंत्र 120 व्होल्टचे असते, आपल्याकडे 230 व्होल्ट. मध्ये ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागेल, तो ओट्यावर जागा अडवेल, आणि घाईत कोणी थेट प्लग लावला तर मोटर गेलीच म्हणून समजा. शिवाय इथे दुरुस्तीला नेल्यावर हमी चालत नाही.

अंबाझरीची माई

वरील दोघांनी दळण्याचे सांगितले, मी नागपूरच्या उन्हाळ्याचे सांगते. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की दळलेली पूड डबीच्या कडांना, हाताला आणि ओट्याच्या फरशीला चिकटते, आणि ग्राइंडर उघडताच काही कण उडी मारून बाहेर येतात. ही स्थिर वीज आहे. दळण्यापूर्वी चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून त्याच ओल्या दांड्याने बिया एकदा ढवळाव्यात, एवढ्या ओलाव्याने हा त्रास जवळजवळ थांबतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 साली या युक्तीचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला आहे. पाण्याने वीज कमी होते, पुडीच्या गाठी होत नाहीत आणि एस्प्रेसोही अधिक एकसारखा उतरतो, असे त्यांना आढळले. मात्र एखादाच थेंब हवा, बिया भिजवायच्या नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीला कूलर लावला असेल, तर त्या खोलीत मुळातच दमट हवा असते आणि त्या दिवसांत माझी दळण्याची फट एक-दोन क्लिकांनी बदलावी लागते. पहिला पाऊस पडला की पुन्हा तेच.

साफसफाईसाठी कोरडा ब्रश पुरे. पोलादी दात्यांना पाणी लावू नका आणि 'तांदूळ दळला की स्वच्छ होतो' हा सल्ला ऐकू नका. कच्चा तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा कितीतरी कठीण असतो. आमच्या ग्राइंडरमध्ये माझ्या जाऊबाईंनी एकदा भल्या मनाने सुंठ दळली होती. पुढचे तीन आठवडे आमची कॉफी सर्दीवरचे औषध म्हणून प्यावी लागली.

दळणवळण

सदरकर, सहा जणांच्या बाबतीत तुमचे म्हणणे मान्य. प्रतापनगरकर, खरेदीपूर्वी एक गोष्ट पाहून सांगा. यंत्राच्या हँडलमधली धातूची वाटी उलटी करा. तळाला शेकडो बारीक भोके दिसतात की बरोबर मध्ये एकच भोक?

प्रतापनगरकर

सर्वांचे आभार. आत्ताच पाहिले. वापरात असलेल्या वाटीला शेकडो भोके आहेत. मित्राने दिलेल्या खोक्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेली दुसरी वाटीही सापडली, तिला आतून बरीच भोके दिसतात पण खालून एकच आहे. मी ती बिघडलेली समजून बाजूला ठेवली होती.

दळणवळण

ती बिघडलेली नाही, दुहेरी तळाची आहे. त्यात दाब पुडीमुळे तयार होत नाही, त्या एका भोकामुळे होतो, म्हणून सुमार दळणही तिथे चालून जाते. ग्राइंडर येईपर्यंत हीच वाटी वापरा. फेस भरपूर येईल, चव बेताची असेल, पण मिक्सरच्या पुडीवरही कप भरेल. शेकडो भोकांची वाटी नव्या ग्राइंडरसाठी जपून ठेवा. आठ ते सोळा मायक्रॉनच्या टप्प्याचा हातग्राइंडर भाच्याला सांगा आणि आईच्या फिल्टरसाठी सीताबर्डीची पूड चालू ठेवा, म्हणजे दिवसातून एकदा फट बदलायचे तरी वाचेल.

प्रतापनगरकर

आज संध्याकाळी दुसरी वाटी लावली. अठ्ठावीस सेकंद लागले आणि कपावर बोटभर फेस आला. भाच्याला निरोप धाडला आहे. सुंठेचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर हलवला आहे.