मदत हवी आहे: मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणाचा निळा रंग का उडाला?

विद्युत अपघटनाचा प्रयोग: १०० मिली पाण्यात २ ग्रॅम मोरचुदाचे खडे, कार्बनच्या दोन कांड्या, ९ व्होल्ट डीसी, प्रवाह साधारण ०.३ अँपिअर, वेळ १ तास. ऋणाग्रावर (ऋण टोकाला जोडलेल्या कांडीवर) तांबं आलं, पण भुसभुशीत, बोट लावताच सुटतं. द्रावण पार फिकं पडलं. पुस्तकात रंग तसाच राहतो असं आहे. कुठे चुकलं?

प्रतिसाद १
पुस्तकातलं धनाग्र (धन टोकाला जोडलेली कांडी) तांब्याचं असणार. तिथे ऋणाग्रावर जितके कॉपर आयन संपतात तितकेच धनाग्रातून विरघळून येतात, म्हणून रंग टिकतो. कार्बन असा विरघळून आयन देत नाही. मग धनाग्रापाशी पाण्याचंच ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन सोडणं) होतं, ऑक्सिजनचे बुडबुडे येतात आणि हायड्रोजन आयन मागे राहतात. म्हणजे द्रावणात हळूहळू सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. निळा लिटमस बुडवून बघा.

हिशोबही जुळतो. ०.३ × ३६०० = १०८० कूलोम. एक मोल तांब्याला २ × ९६५०० कूलोम लागतात, म्हणजे जास्तीत जास्त ०.३६ ग्रॅम तांबं. तुमच्या २ ग्रॅम मोरचुदात तांबं आहेच मुळी ०.५१ ग्रॅम. रंग उडणारच!

प्रतिसाद २
भुसभुशीत थराचं कारण: कांडीच्या मानाने प्रवाह जास्त. ऋणाग्राजवळचे कॉपर आयन संपतात, नवे पोचेपर्यंत हायड्रोजन सुटू लागतो आणि थर पोकळ बसतो. १२.५ ग्रॅम मोरचूद २५० मिलीत घ्या, तांब्याच्या पट्ट्या सँडपेपरने घासून वापरा, बुडालेला भाग १० चौरस सेंमी असेल तर ०.२ अँपिअरच्या वर जाऊ नका. क्लिप द्रावणाला लागू देऊ नका, तिचं लोखंड विरघळतं. धनाग्राखाली काळी भुकटी दिसली असेल तर ती कांडीचीच झीज.

धागाकर्ता
आभार! मग मिठाच्या पाण्यातून सोडिअम मिळेल का?

प्रतिसाद १
नाही. सोडिअम आयनापेक्षा पाण्याचं क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं) कितीतरी सोपं, त्यामुळे ऋणाग्रावर हायड्रोजन येतो आणि तिथलं द्रावण अल्कधर्मी होतं. फिनॉल्फ्थॅलीन (अल्कधर्म ओळखायचं दर्शक) टाकलं तर गुलाबी होईल. सोडिअम हवा तर पाणीच नको, मीठ वितळवावं लागतं, ८०१ अंश सेल्सिअसला. धनाग्रावर मात्र क्लोरीन येतो, तो विषारी आहे. खिडक्या उघड्या ठेवा, वास आला की पुरवठा लगेच बंद करा.