डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या भूमिका-खेळात तुमच्या पात्राने दुसरा क्लास (पेशा) कधी घेतला? अनुभव सांगा

काल कपाट आवरताना जुनी कॅरेक्टर शीट सापडली, पाचव्या आवृत्तीची, पेन्सिलने लिहिलेली. माझी फायटर, म्हणजे लढवय्यी. ठाण्याला नौपाड्यात आमच्या घरी रविवारी खेळायचो. चौथ्या लेव्हलला तिच्या गावाचं देऊळ जळलं आणि मी डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) म्हटलं, ही आता क्लेरिक होणार, देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारी. सगळे ओरडले, अगं एक लेव्हल थांब, पाचव्याला एक्स्ट्रा अटॅक मिळतो, एकाऐवजी दोन वार! नाही थांबले. क्लेरिकला लागणारा विज्डमचा आकडा बरोबर १३, काठावर पास. पुढच्या लढाईत एकच वार मिळत होता, पण आमचा रोग (चोर क्लासचं पात्र) पडल्यावर तिने हात ठेवून क्युअर वूंड्स हा जखमा भरायचा मंत्र टाकला आणि तो उठला, तेव्हा टेबलावर कुणी बोलेना. अजून काटा येतो अंगावर. तुमचं येऊ द्या.

— पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा) ६ लेव्हल, वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारा) २. शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेतली की वॉरलॉकचे दोन्ही स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) परत, सगळे स्माइटमध्ये, म्हणजे वाराला जादूचा जादा मार. पण डीएमने विचारलं, शपथ एकाला दिलीस आणि करार दुसऱ्याशी, देवाला काय सांगणार? त्यातच तीन रविवार गेले, एकही लढाई नाही. आयुष्यातला बेस्ट गेम.

— रोग पडला रोग पडला ऐकून आमची आजी आतून धावत आलेली 😂

— बार्बेरियनला (संतापून लढणारा) विझार्ड (जादूगार) केलं आणि मग कळलं रेजमध्ये, म्हणजे त्या संतापात, स्पेल टाकताच येत नाही, आधीचा स्पेल टिकवून धरणारं कॉन्सन्ट्रेशनपण जातं. खूप वाईट वाटलेलं

— अरेरे. डीएमने बदलू दिलं का?

— हो, भला माणूस

— आम्ही थ्री पॉइंट फाइव्हवाले, जुन्या आवृत्तीचे. दोन क्लासमध्ये एकाहून जास्त लेव्हलचा फरक पडला की एक्सपीत (अनुभवाच्या गुणांत) २० टक्के कपात, फक्त वंशाच्या आवडत्या क्लासला सूट. तुम्हा पोरांचं बरंय

— मी दुसऱ्या क्लासच्या विरोधात. पहिली लेव्हल फायटरची घेतली, मग विझार्ड; जड चिलखत मिळालं, पण फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) सहाव्याला. दुसरीचा विझार्ड पाचव्यालाच गोब्लिन भाजत होता, मी नुसती बघत बसले

— नौपाड्यात कुठे? अजून खेळता का? आम्ही नवी मुंबईत नेरूळला, एक जागा रिकामी आहे. आमचा ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) खेळणारा पार ठाण्याच्या घोडबंदरवरून यायचा, पावसाळ्यात त्याने सोडलं

— घोडबंदरवरून नेरूळ?? त्याला साष्टांग

— नौपाडा बंद झालं हो, दोघं बाहेरगावी गेले. कितव्या लेव्हलला आहात? क्लेरिक आहे का कुणी?

— सातव्या. नाहीये ना, म्हणून तर विचारतोय